होम किटचे पट्टे काढण्याआधी: चाहत्यांचं म्हणणं कसं वाचायचं आणि कसं घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका फुटबॉल क्लबच्या होम किटवर, म्हणजे घरच्या मैदानावर घालायच्या शर्ट-शॉर्ट्स-मोज्यांच्या संचावर, कित्येक दशकं लाल-पांढरे उभे पट्टे आहेत. पुढच्या हंगामात व्यवस्थापनाला सलग लाल शर्ट आणायचा आहे आणि चाहते खवळले आहेत. हा विरोध नुसता भावनेचा आहे का? आणि चाहत्यांचं मत घ्यायचंच, तर ते कसं घ्यायचं?

विरोध भावनेचा आहेच, पण तो अगदी नेमकाही असतो. चाहता ‘आमचा रंग गेला’ म्हणतो तेव्हा तो चारपैकी एका गोष्टीबद्दल बोलत असतो: रंगाची छटा, दोन रंगांचं प्रमाण, त्यांची मांडणी, किंवा हा निर्णय कोणी कोणाला विचारून घेतला. क्लब बहुतेक वेळा छटेबद्दल खुलासा देत बसतो आणि तक्रार शेवटच्या मुद्द्याची असते. त्यामुळे उत्तर देऊनही राग शमत नाही. म्हणून आलेलं प्रत्येक मत आधी या चार ढिगांत वाटून घ्या. ‘हा लाल आमचा नाही, विटकरी वाटतो’ हे छटेचं. ‘पांढरा फक्त कॉलरला उरला’ हे प्रमाणाचं. ‘लांबून दुसराच संघ वाटतो’ हे मांडणीचं. ‘आम्हाला थेट जाहिरातीतून कळलं’ हे अधिकाराचं. दोनशे प्रतिक्रिया अशा वाटल्या की कुठे दुखतंय ते बऱ्यापैकी स्पष्ट होतं, आणि चारही ढिगांवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

अधिकाराचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे तीन त्याच्या आत बसतात.

रंग बदललेच जात नाहीत असं अजिबात नाही. लिव्हरपूल 1892 मध्ये स्थापन झाला तेव्हा निळा-पांढरा घालून खेळत होता. युव्हेंटस आधी गुलाबी शर्टात खेळायचा, 1903 मध्ये नॉट्स काउंटीच्या धर्तीवर काळे-पांढरे पट्टे आले. लीड्सला डॉन रेव्हीने 1961 मध्ये निळ्या-सोनेरीतून पांढऱ्यात आणलं. जिमी हिलने 1962 मध्ये कॉव्हेंट्रीला आकाशी निळं केलं. 1964 मध्ये बिल शँक्लीने लिव्हरपूलच्या पांढऱ्या शॉर्ट्स काढून संघ डोक्यापासून पायापर्यंत लाल केला. 1973 मध्ये माल्कम ॲलिसनने क्रिस्टल पॅलेसचा किरमिजी-आकाशी जोड मोडून लाल-निळा आणला. यातल्या कुणीही चाहत्यांचं मतदान घेतलं नव्हतं, तरी आज हेच रंग त्या क्लबांचे ‘मूळ’ रंग म्हणून जिवापाड जपले जातात.

उलट वेल्समधला कार्डिफ सिटी. 1908 पासूनचा निळा 2012 मध्ये काढून मालक विन्सेंट टॅन यांनी लाल आणला. आशियाई बाजारपेठेत लाल जास्त चालेल, असं कारण दिलं गेलं आणि हा बदल गुंतवणुकीशी जोडला गेला. क्लबचं टोपणनावच ‘ब्लूबर्ड्स’, आणि बोधचिन्हावर मोठा लाल ड्रॅगन येऊन निळा पक्षी तळाशी छोटासा उरला. त्या लाल शर्टात संघ 2013 मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, पोहोचला, तरी विरोध संपला नाही. जानेवारी 2015 मध्ये, हंगाम अर्धा झालेला असताना, निळा परत आणावा लागला.

‘संघ जिंकायला लागला की लोक विसरतात’ हा व्यवस्थापनाचा आवडता युक्तिवाद आहे, आणि तो चुकीचा आहे. कार्डिफ वरच्या श्रेणीत गेला आणि लाल टिकला नाही. पॅलेस नवे रंग घालून पहिल्याच हंगामात, 1974 मध्ये, तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि तरी लाल-निळा टिकला. युव्हेंटसने 2019-20 मध्ये पट्टे काढून अर्धा काळा, अर्धा पांढरा आणि मधोमध बारीक गुलाबी रेघ असा शर्ट घातला, त्यात लीग जिंकली, आणि पुढच्या हंगामात पट्टे परत आले.

मग फरक कशाने पडतो? दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे रेव्ही, हिल, शँक्ली, ॲलिसन हे चौघेही संघाचे प्रशिक्षक होते. बदल मैदानाकडून आला आणि ‘आता आपण वेगळं खेळणार’ एवढाच त्याचा अर्थ होता. कार्डिफमध्ये तो बाजारपेठेकडून आला. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. साठच्या दशकात क्लबचा शर्ट अकरा खेळाडूंच्या अंगावर असायचा, चाहत्याकडे फार तर मफलर आणि बिल्ला. प्रतिकृती शर्टांचा धंदा सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ॲडमिरल कंपनीने उभा केला. तेव्हापासून रंग चाहत्याच्या अंगावर आहे, मुलांच्या खोलीत आहे, लग्नाच्या आणि अंत्यविधीच्या फोटोंत आहे. आज रंग बदलणं म्हणजे त्याच्या कपाटातले वीस शर्ट एका रात्रीत दुसऱ्या कुणाचे करून टाकणं. हे ज्याला समजलं नाही त्याने सर्वेक्षण कितीही काटेकोर घेतलं तरी त्याचा निकाल त्याला वाचता येणार नाही.

याचं टोक ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये दिसलं. 2005 मध्ये रेड बुल या पेय कंपनीने तिथला क्लब विकत घेऊन जांभळा-पांढरा काढला आणि लाल-पांढरा आणला. चाहत्यांशी बोलणी झाली, पण सवलत म्हणून पुढे आलं ते गोलरक्षकाच्या मोज्यांवर जांभळा ठेवण्याइतकं किरकोळ. मंडळी उठली, त्याच वर्षी ‘ऑस्ट्रिया साल्झबर्ग’ या जुन्या नावाने जांभळ्या रंगात नवा क्लब काढला आणि अगदी तळाच्या श्रेणीपासून खेळायला सुरुवात केली. तडजोड म्हणून अपमानास्पद वाटेल इतकं थोडं देण्यापेक्षा सरळ नकार बरा, हे त्या बोलण्यांतून शिकण्यासारखं आहे.

आणि रंग वाचवला म्हणजे सगळं वाचलं असंही नाही. 2020 मध्ये कोलकात्याचा मोहन बागान तिथल्याच एटीके या क्लबबरोबर एक झाला तेव्हा हिरवी-मरून जर्सी कायम ठेवली गेली. तरी नावापुढचं ‘एटीके’ काढा म्हणून चाहते जवळपास तीन वर्षं लढले, आणि 2023 मध्ये नाव बदलून मोहन बागान सुपर जायंट झालं. रंग, नाव आणि बोधचिन्ह हे तीन स्वतंत्र हिशेब आहेत. एकातली बचत दुसऱ्यात वळती करता येत नाही.

इंग्लंडमध्ये हा विषय आता कायद्यात आला आहे. 2021 च्या ‘फॅन-लेड रिव्ह्यू’ या सरकारी समीक्षेने क्लबचं नाव, बोधचिन्ह आणि होम रंग हा वारसा मानून त्याला संरक्षण द्यावं अशी शिफारस केली. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्यानुसार बोधचिन्हात किंवा होम शर्टाच्या मुख्य रंगांत मोठा बदल करण्याआधी, इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुसंख्य चाहत्यांचा त्याला पाठिंबा आहे हे ठरवण्यासाठी क्लबने वाजवी पावलं उचलणं बंधनकारक आहे. यातला शब्द ‘मुख्य रंग’ असा आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांवरून सलग लालवर जाणं म्हणजे दोन मुख्य रंगांपैकी एक काढणं, असंच मी वाचेन. तुमचा क्लब या कायद्याखाली नसला तरी मोजपट्टी म्हणून हाच निकष धरावा.

आता मांडणी, कारण तुमचा प्रश्न पट्ट्यांचा आहे.

व्यवस्थापनाची बाजूही खरी आहे, तीही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. खेळाच्या नियमावलीतला चौथा नियम सांगतो की दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे दिसले पाहिजेत, आणि प्रत्येक गोलरक्षक इतर खेळाडू व पंच यांच्यापासून वेगळा. म्हणजे मैदानावर पाच गट सांभाळायचे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा संघ लाल संघाशीही धडकतो, म्हणजे लांबून सारखा दिसतो, आणि पांढऱ्या संघाशीही. सलग लाल शर्ट फक्त लालशी धडकतो. पट्ट्यांवर पाठीवरचा आकडा वाचता येत नाही, हीसुद्धा खरी अडचण. यूएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत पाठीवरचा आकडा 25 ते 35 सेंटिमीटर उंच लागतो, आणि पट्टेरी शर्टावर तो सलग रंगाच्या जागेवर बसवावा लागतो. म्हणून पट्टेरी क्लबांच्या पाठी बहुतेक वेळा कोऱ्या दिसतात. स्कॉटलंडच्या सेल्टिकने हिरवे-पांढरे आडवे पट्टे तुटू नयेत म्हणून 1960 मध्ये आकडे शॉर्ट्सवर नेले आणि देशातल्या सामन्यांत 1994 पर्यंत ते तिथेच ठेवले. मांडणी वाचवायची इच्छा असली की मार्ग निघतो.

पट्ट्यांची रुंदी हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा आहे. निरोगी नजर साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढा कोन वेगळा ओळखते, म्हणजे 100 मीटरवर जवळपास 3 सेंटिमीटर. त्याहून बारीक पट्टे त्या अंतरावरून एकमेकांत मिसळतात. लाल-पांढरे 1 सेंटिमीटरचे पट्टे समोरच्या स्टँडमधून गुलाबी दिसतात, काळे-पांढरे राखाडी दिसतात. टीव्हीवर बारीक रेघांची लहर उठते ती वेगळीच. ‘पट्टे ठेवलेत की, फक्त आधुनिक केलेत’ असं क्लब म्हणतो आणि चाहता म्हणतो ‘मला गुलाबी संघ दिसतोय’. दोघंही आपापल्या अंतरावरून बरोबर असतात. म्हणून नमुना टेबलावर पाहून मंजूर करू नका. तो खेळाडूच्या अंगावर चढवून समोरच्या स्टँडमधून, दिवसा आणि फ्लडलाइटखाली पाहा. पट्टा 6 ते 8 सेंटिमीटरच्या आसपास असला की लांबूनही पट्टाच दिसतो.

मधला पट्टा कोणत्या रंगाचा, हेही चाहते मोजतात. छातीच्या मध्यावर लाल आला तर शर्ट ‘लाल’ वाटतो, पांढरा आला तर ‘पांढरा’. वर्षानुवर्षं मध्ये लाल असेल आणि एका हंगामात पांढरा आला, तर नेमकं काय बदललं ते सांगता न येताही लोक अस्वस्थ होतात. प्रायोजकाच्या नावाखाली सलग चौकोन टाकला तर मधले तीन पट्टे पोटावरच तुटतात. नाव थेट पट्ट्यांवर छापून त्याला बारीक कडा दिली तर मांडणी टिकते, म्हणून प्रायोजकाच्या करारात ही अट आधीच लिहून घ्यावी. हे जमतं. 1987 मध्ये ब्राझीलच्या ग्रेमिओच्या शर्टावर कोका-कोलाचं नाव काळ्या रंगात आलं, कारण लाल हा कट्टर प्रतिस्पर्धी इंटरनॅसिओनालचा रंग.

तयार होताना अडतं ते असं. आडवे पट्टे गोल विणकामाच्या यंत्रावर सुताचे रंग बदलून सहज निघतात. उभे पट्टे तसे निघत नाहीत, त्यासाठी वेगळं विणकाम किंवा सब्लिमेशन छपाई लागते. छपाईत आकृती आधी कागदावर उमटते आणि सुमारे 200 अंश सेल्सिअसला दाब देऊन पांढऱ्या पॉलिस्टरवर उतरते. रंग वरून बसलेला असल्यामुळे कापड ताणलं की आतला पांढरा डोकावतो, खांद्यावर आणि बरगड्यांवर सगळ्यात जास्त. गडद लाल तिथे फिकट दिसतो. शिवाय मापं बदलली की पट्ट्याची रुंदी बदलायची की संख्या, हे ठरवावं लागतं. रुंदी कायम ठेवली तर लहान मुलाच्या शर्टावर पाचच पट्टे उरतात आणि सगळ्यात मोठ्या मापावर अकरा होतात. मापागणिक रुंदी बदलून संख्या कायम ठेवावी, असं माझं ठाम मत आहे, कारण चाहता पट्टे मोजतो, सेंटिमीटर मोजत नाही. बाजूच्या शिवणीवर समोरचा लाल मागच्या लालला भिडतो का, तेही पाहा. तिथे अर्धा-पाऊण सेंटिमीटर सरकलं तरी बगलेखाली जाड डाग दिसतो.

बार्सिलोनाने 2015-16 मध्ये प्रथमच आडवे पट्टे घातले आणि 2019-20 मध्ये चौकडी. रंग तेच, गडद निळा आणि किरमिजी. तरी दोन्ही वेळा जोरदार नापसंती आली. पॅरिस सेंट-जर्मेंच्या निळ्या शर्टावर मध्यभागी पांढऱ्या कडांची लाल उभी पट्टी असते, सत्तरच्या दशकात फॅशन डिझायनर डॅनियल हेश्टरने आणलेली. 2021-22 च्या होम शर्टावर ती नव्हती, आणि ‘अल्ट्रा’ म्हणवणाऱ्या कट्टर समर्थकांनी जाहीर विरोध केला. अशा क्लबांत मांडणी हीच ओळख असते. ॲमस्टरडॅमच्या आयाक्सची रुंद लाल पट्टी काढली तर उरतो तो नुसता पांढरा शर्ट, जो जगात शेकडो संघांचा आहे. तुमच्या बाबतीतही हेच होणार. लाल संघ ढिगाने आहेत, तुमच्या रुंदीचे लाल-पांढरे पट्टे मोजक्यांचे.

प्रमाण मोजणं सोपं आहे. गेल्या वीस वर्षांच्या प्रत्येक होम किटचा समोरचा आणि मागचा फोटो घ्या, शॉर्ट्स-मोज्यांसकट, आणि कुठल्याही फोटो-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाने किती टक्के जागा व्यापली आहे ते काढा. तुमच्या क्लबची नेहमीची मर्यादा कळेल, समजा पांढरा 35 ते 50 टक्के. नव्या किटमध्ये तो 10 टक्क्यांवर येत असेल तर तो ‘बारीक बदल’ नाही, हे सभेत आकड्यानिशी दाखवता येतं. शॉर्ट्स आणि मोजे या हिशेबात धरायलाच हवेत. लिव्हरपूलचं 1964 मधलं उदाहरण घ्या: शर्टाला हातही न लावता फक्त शॉर्ट्स आणि मग मोजे बदलून अख्ख्या संघाचं रूप पालटलं.

छटेबद्दल फार लिहीत नाही, पण तीन चुका सतत होतात. पहिली म्हणजे रंगाचा क्रमांक पॅन्टोनच्या (रंगांना क्रमांक देणाऱ्या कंपनीच्या) कागदी छपाईच्या पुस्तकातून देणं. कापडाचं पुस्तक वेगळं असतं, आणि कागदावरचा झळाळता लाल पॉलिस्टरवर तसा उतरत नाही. रंगाऱ्याकडून कापडाच्या छोट्या रंगवलेल्या चकत्या मागवा, दोन-तीन पर्याय एकाच वेळी, आणि त्या लाइट बॉक्समध्ये, म्हणजे वेगवेगळे प्रकाश लावता येणाऱ्या पेटीत, दिवसाच्या प्रकाशात, दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये आणि स्टेडियमच्या एलईडीसारख्या थंड पांढऱ्या प्रकाशात ठेवून पाहा. एका प्रकाशात जुळलेले दोन लाल दुसऱ्या प्रकाशात साफ वेगळे दिसू शकतात. फरक यंत्राने मोजता येतो. डेल्टा-ई (दोन रंगांतल्या फरकाचं माप) 1 च्या आत असेल तर बहुतेकांना कळत नाही, 2 च्या पुढे गेला की शेजारी ठेवल्यावर कळतो.

दुसरी चूक म्हणजे शर्ट, शॉर्ट्स आणि मोजे एकाच छटेत येतील असं गृहीत धरणं. शर्ट विणलेल्या पॉलिस्टरचा, मोज्यात नायलॉन आणि इतर सूत. नायलॉन वेगळ्या जातीच्या रंगांनी रंगतं, त्यामुळे लाल मोजे बहुधा शर्टापेक्षा थोडे नारिंगी किंवा थोडे जांभळट येतात. बगलेतली जाळीही भोकांमुळे गडद वाटते, आणि खेळाडूंची आवृत्ती व चाहत्यांची आवृत्ती यांचं कापड वेगळं असल्याने तीही तंतोतंत जुळत नाहीत. हा फरक कमी करता येतो, शून्य करता येत नाही, आणि हे आधी सांगितलं तर चाहते समजून घेतात.

तिसरी चूक लाल शर्टांचीच आहे. लाल पॉलिस्टरवर पांढरा आकडा गरम दाबाने बसवला की कापडातला रंग उष्णतेने वर चढतो आणि काही दिवसांत पांढरा गुलाबी होतो. त्यासाठी आकड्याखाली अडवणारा थर आणि कमी तापमानाला चिकटणारं साहित्य घ्यावं लागतं. सलग लालवर जाणार असाल तर पाठीवरच्या प्रत्येक पांढऱ्या आकड्याला हा धोका आहे. नमुन्याचे काही शर्ट उष्णतेत काही दिवस ठेवून तपासल्याशिवाय माल उचलू नका.

दिसण्याचा मुद्दा निघालाच आहे तर मँचेस्टर युनायटेडचा राखाडी शर्ट आठवा. 13 एप्रिल 1996 ला साउथहॅम्प्टनविरुद्ध मध्यंतराला 0-3 अशी पिछाडी असताना संघाने शर्ट बदलले. गर्दीच्या पार्श्वभूमीवर आपलेच साथीदार दिसत नाहीत, असं कारण ॲलेक्स फर्ग्युसन यांनी दिलं. सामना 1-3 ने गेलाच. रंगांधळेपणाही इथेच येतो. साधारण दर बारा पुरुषांत एकाला तो असतो, स्त्रियांत दोनशेत एकीला, आणि लाल-हिरव्याचा घोळ सर्वाधिक. किटचा फोटो कृष्णधवल करून हिरवळीवर आणि नेहमीच्या प्रतिस्पर्ध्यांशेजारी ठेवा. गडद-फिकट फरक उरला नाही तर ते किट हजारो प्रेक्षकांना दिसतच नाही. या कसोटीवर पट्टे आणि सलग लाल दोन्ही तपासा, निकाल तुमच्या बाजूने लागेलच असं धरून चालू नका.

आता मत कसं घ्यायचं ते. सगळ्यात आधी वेळ. ऑगस्टमध्ये अंगावर येणाऱ्या किटचं काम साधारण सव्वा ते दीड वर्ष आधी सुरू होतं, आणि वर्षभर आधी कापड व मांडणी पक्की होते. चाहत्यांना त्याच्या आधी विचारलं पाहिजे. नमुने शिवून झाल्यावर घेतलेल्या मताला सल्लामसलत म्हणता येत नाही, आणि लोकांना ते लगेच कळतं.

कोणाला विचारायचं? समाजमाध्यमावर खुला कौल टाकला तर सर्वात आधी सर्वात संतापलेले आणि सर्वात उत्साही येतात, मधले येत नाहीत. हंगामी तिकीटधारकांची, सदस्यांची आणि बाहेरगावच्या सामन्यांना जाणाऱ्यांची यादी क्लबकडे असतेच. तिच्यातून वयानुसार आणि स्टँडनुसार चिठ्ठ्या काढून माणसं निवडा. खरोखर यादृच्छिक निवड असेल तर सुमारे 385 पूर्ण उत्तरांत पाच टक्के पुढे-मागे असा अंदाज मिळतो, 1,067 उत्तरांत तीन टक्के. पन्नास हजार लाइक या आकड्यांची जागा घेऊ शकत नाहीत. महिला आणि लहान मुलांचे पालक यादीत कमी सापडतात, त्यांच्यासाठी वेगळा कोटा ठेवा. दूरच्या देशांतल्या चाहत्यांचं मत जरूर घ्या, पण वेगळं मोजा. कार्डिफचा घोळ नेमका या दोन गटांचं वजन उलटं धरल्याने झाला.

काय दाखवायचं? चालू किट आणि प्रस्तावित पर्याय एकाच मापाच्या साध्या पुतळ्यावर, एकाच प्रकाशात, क्रम प्रत्येकासाठी बदलून. लोकप्रिय खेळाडूच्या अंगावर कधीच नको, लोक खेळाडूला मत देतात. समोर, मागे आकड्यासह, आणि शॉर्ट्स-मोजे घातलेला पूर्ण संच, प्रायोजकासह आणि प्रायोजकाविना. त्याआधी ओळखीची चाचणी घ्या: बोधचिन्ह, प्रायोजक, कंपनीची खूण सगळं पुसून, चित्र बोटभर उंचीचं करून, इतर सात-आठ लाल संघांच्या शर्टांत मिसळून दोन सेकंद दाखवा आणि ‘यातला आपला कुठला?’ एवढंच विचारा. सलग लाल शर्ट या चाचणीत हरवला तर पुढचे प्रश्न विचारायचीही गरज नाही.

‘आवडलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. नवं काहीही आधी नावडतं, आणि नवं म्हणून काहींना आवडतंही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. हा शर्ट आपल्या क्लबचा वाटतो का? होम म्हणून चालेल, की फक्त अवे (बाहेरच्या सामन्यांचं) किंवा तिसरं (जादा) किट म्हणून? हे कायमचं असेल तर पाठिंबा आहे का, आणि एकाच हंगामापुरतं असेल तर? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं फार उपयोगी असतात. अवे किटमध्ये चाहते भरपूर मोकळीक देतात, अट एकच, प्रतिस्पर्ध्याचा रंग नको आणि बोधचिन्हाला धक्का नको. 2021 मध्ये पुमाने अनेक क्लबांच्या जादा किटवरून छातीवरचं बोधचिन्ह काढून तिथे क्लबचं नाव छापलं, तेव्हा डॉर्टमुंडचे चाहते इतके चिडले की कंपनीला माफी मागावी लागली.

तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व आर्सेनलच्या 2005-06 च्या शर्टावरून कळतं. हायबरी या जुन्या मैदानावरचा शेवटचा हंगाम म्हणून संघाने पांढऱ्या बाह्यांचा लाल शर्ट बाजूला ठेवून गडद मनुका-लाल रंग घातला. कारण क्लबच्या स्वतःच्या इतिहासातलं होतं, मुदत एका हंगामाची होती आणि पुढच्या वर्षी नेहमीचा लाल परत आला. चाहत्यांनी तो शर्ट आपला मानला. तुमच्या क्लबला सलग लालची हौस असेलच आणि जुन्या एखाद्या काळात तसा शर्ट खरोखर असेल, तर हाच रस्ता धरा आणि परतीचा हंगाम लेखी जाहीर करा. इतिहासात तसा शर्ट नसेल तर वारशाची गोष्ट रचू नका. जुने फोटो आणि कार्यक्रमपत्रिका जपणारी माणसं प्रत्येक क्लबमध्ये असतात, आणि ती संध्याकाळपर्यंत पुरावे मांडतात.

निकाल आल्यावर आकडे जसेच्या तसे प्रसिद्ध करा, विरोधातलेसुद्धा. एव्हर्टनने 2013 मध्ये बोधचिन्ह बदललं आणि त्यावरचं लॅटिन बोधवाक्य काढलं. हजारोंनी निषेध केल्यावर क्लबने त्याच वर्षी तीन पर्याय मतदानाला ठेवले आणि चाहत्यांनी निवडलेलं चिन्ह पुढच्या हंगामापासून आलं. लीड्सने जानेवारी 2018 मध्ये दाखवलेलं नवं बोधचिन्ह काही तासांतच मागे घ्यायच्या वाटेवर आणलं. माघार घेतल्याने क्लबची शोभा गेली असं दोन्ही ठिकाणी झालं नाही.

शेवटी, शर्ट आधीच छापून झाले असतील तर. माल फेकावा लागत नाही. लीगकडे किटची नोंदणी करण्याची मुदत पाहा आणि ती संपली नसेल तर सलग लाल शर्टाची नोंद तिसरं किट म्हणून करून चालू पट्टेरी शर्ट आणखी एक हंगाम होम म्हणून ठेवा. पुरवठादाराच्या करारात ‘दर हंगामी नवं होम किट’ असं कलम असेल तर तिथे आधी बोला, कारण खरा खर्च तिथे अडकलेला असतो. ही मुदत गेली असेल तर सर्वात स्वस्त दुरुस्ती कमरेखाली आहे: शॉर्ट्स आणि मोजे परंपरेतले पांढरे करा, म्हणजे हरवलेल्या पांढऱ्याचा बराच वाटा परत येतो. मात्र नवा संच पंचांकडे आणि लीगकडे पुन्हा मंजूर करून घ्या, गोलरक्षकाच्या दोन्ही रंगांसकट, कारण पांढरे मोजे आले की पांढऱ्या मोज्यांच्या प्रतिस्पर्ध्यांशी नव्याने धडक होते आणि त्या सामन्यांसाठी लाल मोज्यांचा एक संच पेटीत ठेवावाच लागतो.